गजभिये मॅडमचा वासाचा तास

गजभिये मॅडमनी माझं स्वागत नमस्कारानं केलं नाही. १९९९ च्या जुलैत मी गोंदियाच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झालो. त्याच दुपारी प्रयोगशाळेचं मधलं दार उघडून एक ठेंगण्या, सावळ्या, चाळिशीच्या बाई आत आल्या आणि त्यांनी माझ्या नाकाखाली बाटली धरली. इंजेक्शनची रिकामी बाटली होती, आत काहीतरी हिरवट पिवळं आणि तोंडाशी कापसाचा बोळा.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मी हुंगलं. "पिकलेला फणस."

"फणस नाही. हिरवा चाफा आहे." बाटली त्यांनी बंद केली. "पन तुम्ही कशाचं तरी नाव तर घेतलं. तुमच्या आधीचे सर म्हणे, चांगला वास आहे. चांगला म्हनजे काय? चांगला म्हनजे काहीच नाही."

एवढं बोलून त्या आल्या तशा मधल्या दारानं निघून गेल्या. शिपायानं मला सांगितलं, त्या वनस्पतिशास्त्राच्या गजभिये मॅडम, आणि हे दार कधीच लागत नाही, त्याची सवय करून घ्या. मुलाखतीत तीन तज्ज्ञांनी मला अर्धा तास पिळून काढलं होतं, पण नोकरीला पात्र ठरलो ते त्या फणसामुळं, असं मला आजही वाटतं.

मी सडक अर्जुनीकडचा, पोवार शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे बाई माणसानं मोठ्यानं बोललेलं चारचौघांना खपत नाही. गजभिये मॅडम मोठ्यानंच बोलत. साध्या नायलॉनच्या साड्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात रबरी तळाच्या चपला आणि बुडाखाली खडखडणारी लूना. नवरा रेल्वेत होता आणि फार थोडं बोलायचा. मॅडम म्हणत, घरात एकानंच बोलावं, त्यानं भांडण होत नाही. माणूस दिसायच्या आधी त्याचा वास त्यांच्यापर्यंत पोचलेला असायचा. "बिसेन सर, घरी आज जवसाची चटणी कुटली काय?" असं त्या पाठमोऱ्याच विचारत, आणि ती खरंच कुटलेली असायची. एकदा मी नवीन सदरा घातला, तर म्हणाल्या, "धुवून घालाचा होता ना. दुकान येऊन राहिलं तुमच्या मागं मागं."

आमच्या गोंदियाला वासांची काय कमी. धान उकडणाऱ्या मिलांचा तो आंबूस, वाफाळ वास हिवाळ्यात गावावर बसून राहतो, बाहेरून आलेला पाहुणा आगगाडीतून उतरल्या उतरल्या नाक मुठीत धरतो. बिडीची पानं, मोहफुलं, तलावाचा गाळ, त्यात बाजारातली सुकी मासळी. मॅडमचं म्हणणं होतं की एवढी श्रीमंती असलेल्या गावात वनस्पतिशास्त्राची पोरं फुलाचा वास लिहिताना 'सुगंधी' एवढंच लिहितात, हा गुन्हा आहे. म्हणून त्यांनी एक प्रॅक्टिकल सुरू केलं होतं. अभ्यासक्रमात ते नव्हतं. दर गुरुवारी दुपारी मुलं बाकांवर बसत, मुली आपल्या ओढण्यांनी आणि मुलं गळ्यातल्या दुपट्ट्यांनी डोळे बांधत, आणि बाटली हातोहात फिरे. आधी ती मुठीत धरून ऊब द्यायची. गरम झालं की फूल बोलते, असं त्या सांगत. मग हुंगायचं आणि जे आठवेल ते घरच्या बोलीत सांगायचं. चांगला, वाईट, सुगंध, दुर्गंध, हे शब्द काढले की उभं राहावं लागे.

पहिल्या गुरुवारी मी मधल्या दारात उभा राहून ऐकत होतो. एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, शिळ्या आंबिलीवानी." दुसरी म्हणाली, "नाही जी, केळं काळं पडल्यावर येते तसा." तिसऱ्याला आज्याच्या मोहाच्या मडक्याची आठवण झाली. बाटलीत सीताफळाची फुलं होती. मी जन्मभर सीताफळं खाल्ली, पण त्याच्या त्या मिळमिळीत हिरव्या फुलाला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं. रसायनवाला असल्यानं मी मनात एस्टर, आल्कोहोल अशी मांडणी करत होतो, आणि माझी सगळी मांडणी त्या मडक्यात बसत होती.

"आता ऐका," मॅडम म्हणाल्या. "आपल्याले घराण्याचं मोठं कौतुक. अमका पाटील, तमका मालगुजार. तर हे घ्या, फुलांमधी सगळ्यात जुनी जी घरानी आहेत, त्यातली ही. सोनचाफा, हिरवा चाफा, सीताफळ, तळ्याबोडीतली कुमुदं. मधमाशी नव्हती, फुलपाखरू नव्हतं, तेव्हाची ही मानसं." फुलांना त्या माणसं म्हणत. "मंग हे एवढे खानदानी लोक वास सोडून बोलावत कोनाले होते? भुंगेऱ्याले. सडलेल्या फळावर बसनारा बारीकसा किडा, त्याले. त्याले जे गोड लागते ते यांनी आपल्या अंगी केलं. राजाले नाही बोलावलं, देवाले नाही बोलावलं. तुम्ही मधीच नाक खुपसता आन म्हनता, वास बरा नाही. तुम्हाले कोनं बोलावलं होतं?"

पोरं हसली. मीही हसलो. पण बोलताना त्यांचा आवाज जरा जास्तच धारदार झाला होता आणि तो का झाला, हे मला पुढं दोन वर्षांनी समजलं.

वसतिगृहात मंगला नावाची एक मुलगी होती, ढिवरांची. घरचे तलावावर मासे धरणारे. सुट्टीवरून येताना आई तिला सुकी मासळी बांधून देई. खोलीतल्या मुलींनी वास येतो म्हणून तक्रार केली, आणि तिची पिशवी व्हरांड्यात आली. काही दिवसांनी तिची गादीही दाराजवळ सरकली. मंगला वर्गात येईनाशी झाली. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या माझ्याकडे चहा पीत होत्या. कप तसाच ठेवून त्यांनी मला आपलं लहानपण सांगितलं, तेही असं, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांगतात.

त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत त्यांना दाराशी बसवत. आज्याकडे मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. छप्पनमध्ये नागपूरला जाऊन आजा-बाप दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून ते काम सोडलं. मॅडम जन्मल्या तेव्हा घरात कातड्याचा तुकडासुद्धा नव्हता. "आम्ही काम सोडलं, बिसेन सर," त्या म्हणाल्या, "पन लोकांनी वास नाही सोडला. गुरुजी मले म्हनत, दूर बस, वास येते. मी घरी जाऊन आपलाच हात हुंगत होती. साबनाचा वास येत होता. मले वाटे, माझं नाकच खराब आहे." मग कप उचलून त्यांनी गार चहा पिऊन टाकला. "तुमच्याकडे इंडोल आहे काय?"

होतं. कपाटात मागं पडलेली छोटी बाटली. इंडोल हा पदार्थ सोनचाफ्यात असतो, मोगऱ्यात असतो, आणि माणसाच्या विष्ठेतही असतो. दाट असताना नकोसा आणि विरळ केला की फुलासारखा. मी दोन द्रावणं करून दिली. त्या गुरुवारी मॅडम स्वतः वसतिगृहात गेल्या आणि मंगलाला हाताला धरून घेऊन आल्या. पहिली बाटली फिरली, तर पोरं म्हणाली चाफा, मोगरा, लग्नातली वेणी. दुसरी फिरली, तर बाकं मागं सरकली, एक जण खिडकीकडे पळाला. मॅडमनी डोळे सोडायला लावले. सगळ्यांसमोर दुसऱ्या बाटलीतला एक थेंब स्पिरिटात टाकला, त्यातला थेंब पुन्हा स्पिरिटात, असं करत गेल्या आणि मंगलाच्या नाकाखाली नेलं.

"सांग वं."

मंगलानं दोनदा हुंगलं. मग म्हणाली, "चाफा होय जी."

"एकच वस्तू आहे," मॅडम बाकीच्यांना म्हणाल्या. "आता सांगा मले, हिची जात कोनती?"

मंगलाची पिशवी खोलीत परत गेली की नाही, मला माहीत नाही, मुलींच्या वसतिगृहातलं मला काय कळणार. पण मंगला त्यानंतर एकही गुरुवार चुकली नाही, आणि आज ती भंडाऱ्याकडे एका शाळेत विज्ञान शिकवते.

आमचे उपप्राचार्य हिंदी भाषक, पानाचे आणि अत्तराचे शौकीन. मनानं वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. हे इंडोल प्रकरण त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते मॅडमना म्हणाले, "बहनजी, यह सब सिलेबस में कहाँ है?" मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जे अत्तर लावलं ना, त्याच्यात पन तेच आहे, थोडंसं. सिलेबसमधी तर तुमचं अत्तर पन नाही." स्टाफरूममध्ये हशा पिकला. उपप्राचार्यही हसले, पण आठवडाभर त्यांनी अत्तर लावलं नाही, आणि ते हसण्यावारी गेलेलं नव्हतं हे आम्हाला कळलं.

गावाबाहेर नागऱ्याला महादेवाच्या मंदिराजवळ एक जुना सोनचाफा होता. मोसमात मॅडम सकाळी लूनावरून तिथं जात आणि खाली पडलेली फुलं वेचत. देवळात जात नसत. पुजारी म्हातारा होता, त्यानं एकदा विचारलं, बाई, इथवर येता, हात काऊन नाही जोडत? मॅडमनी चाफ्याला हात जोडले. पुढं तोच म्हातारा त्यांच्यासाठी ताजी पडलेली फुलं झाडाखाली पानानं झाकून ठेवू लागला. तर २००४ साली अशाच एका सकाळी फुलं घेऊन येताना ट्रॅक्टरनं रस्त्यावर सांडलेल्या चिखलात लूना घसरली आणि मॅडम उताण्या पडल्या. डोकं मागून आपटलं. रक्त फारसं आलं नाही. नागपूरच्या दवाखान्यात काही दिवस राहून त्या परत आल्या, पांढरी पट्टी बांधून, आणि पहिल्याच दिवशी शिपायाला झाडल्याचा आवाज मधल्या दारातून ऐकू आला. मला वाटलं, झालं, सगळं ठीक आहे.

ते ठीक नव्हतं. काही दिवसांनी माझ्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांच्या वासाचा तो गॅस, हायड्रोजन सल्फाइड, उपकरणाच्या फटीतून सुटला. पोरं तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली, वरच्या मजल्यावरचा वाणिज्यचा वर्गसुद्धा रिकामा झाला. मी तोटी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मधल्या दारातून मॅडमना बोलवायला गेलो. त्या टेबलाशी बसून डबा खात होत्या. वांग्याची भाजी आणि भात.

"सारे पळून कायले राहिले?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "वास मेला, बिसेन सर. पडली त्या दिवशीच मेला."

बाहेर लिंबाखाली उभं राहून त्यांनी मला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. नाकाच्या वर हाडाची बारीक चाळणी असते, तिच्यातून वासाचे धागे मेंदूत जातात. हिसक्यानं ते तुटतात. तुटलेले पुन्हा जुळण्याची आशा त्यांनी दिली नव्हती. "भाजी म्हनजे आता नुसतं तिखट-मीठ," त्या म्हणाल्या. "ते चालते. पन घर वळखू येत नाही. घरात पाय टाकला की मले माझं घर कळत होतं. आता मी पाहुनी असल्यावानी जातो आन येतो." त्यांचे डोळे भरले होते. मी काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. "बस. एवढंच. आता कोनाजवळ बोलाचं नाही. पोट्ट्यांले मीच सांगन."

आणि पुढच्या गुरुवारी त्यांनी सांगितलं. फळ्याजवळ उभं राहून, उपस्थिती घेतात त्या सुरात. "माझं नाक गेलं. आता या वर्गात सगळ्यात गरीब मीच. तुम्ही जसं सांगाल तसंच मले मिळन. म्हनून कंजुषी कराची नाही." माझ्या मते त्या वर्षाचे गुरुवार सगळ्यात देखणे झाले. पूर्वी एक शब्द पुरायचा, तिथं आता मॅडम उलटतपासणी घेत. आंबट म्हणजे चिंचेचा की ताकाचा? ताक आजचं की कालचं? कालचं, तर मडक्यातलं की स्टीलच्या पातेल्यातलं? पोरं घामाघूम होत. एका मुलानं लाल कुमुदाचा वास सांगताना दवाखाना, मग ओली माती, मग बहिणीच्या नखांचा रंग असं करत करत पाच मिनिटं लावली, आणि मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आलं. थोडंसं आलं."

पण बातमी वरपर्यंत गेली होती. उपप्राचार्य मला म्हणाले, "आप ही बताइए, जिसकी नाक नहीं, वह सूँघने की जाँच कैसे करेगी? बच्चा कहेगा गुलाब, तो गुलाब?" मी म्हणालो, ते तुम्ही मॅडमनाच विचारा. त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "साहेब, मी जाँच आधी पन कानानंच करत होती." तेव्हा उपप्राचार्य म्हणाले, ठीक आहे, मी येऊन बघतो. जमलं तर चालू ठेवा, नाही तर तो तास वेळापत्रकातून काढून परीक्षेच्या सरावाला देऊ. मॅडम हो म्हणाल्या. त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात, सकाळी डोळे लाल होते, पण कपाटातल्या बाटल्या त्यांनी दोनदा पुसल्या.

गुरुवारी उपप्राचार्य आले, सोबत आम्ही दोन-तीन मास्तर. मॅडमच्या दोन बाटल्या फिरल्या, सगळं उत्तम झालं. पोरं नेहमीसारखी आपसात भांडली, एकाला फणस तर दुसऱ्याला पेरू. मग उपप्राचार्यांनी खिशातून तसलीच एक बाटली काढली. "अब यह मेरी तरफ़ से. सुबह आपके चंपा के पेड़ के नीचे गया था."

डोळे बांधलेलेच होते. पहिल्या मुलीनं बाटली मुठीत धरली, नाकाशी नेली. थांबली. "सोनचाफा, मॅडम." पुढचा म्हणाला, "हव जी, चाफाच. गोड." त्याच्या पुढचीही म्हणाली, चाफा, गोड. बाटली बाकांवरून सरकत गेली, आणि प्रत्येक जण तेच म्हणत गेला. उपप्राचार्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी मॅडमकडे बघत होतो. पहिल्या तीन-चार जणांपर्यंत त्या मान डोलावत होत्या. मग त्यांची मान थांबली.

"गोड कसा?" त्यांनी मधल्याच एका मुलाला विचारलं. "गुळावानी, की मोहावानी, की काकवीवानी?"

"चांगला गोड, मॅडम."

"चांगला?"

तो उभा राहिला. त्याला सांगावं लागलं नाही.

मॅडमनी बाटली त्याच्या हातातून घेतली. "डोळे सोडा सारे. या बाटलीत काही नाही."

मॅडम उपप्राचार्यांकडे वळल्या. "साहेब, पानी आहे ना?"

"हाँ," उपप्राचार्य म्हणाले. "नल का पानी. रूई मैंने नई लगाई थी." आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, "देख लिया आपने? बच्चे कुछ भी कह देते हैं. इसीलिए मैं कहता हूँ कि यह प्रैक्टिकल नहीं, तमाशा है."

"तुम्हाले बादमधी उत्तर देतो, साहेब," मॅडम म्हणाल्या आणि पोरांकडे फिरल्या. त्यांना इतकं संतापलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "काऊन बोलले? कोनं सांगतलं होतं बोलाले?"

पहिल्या बाकावरची मुलगी रडत होती. "मॅडम, साहेब म्हनले चंपा. मले काहीच येत नव्हतं. मले वाटलं, नाही म्हनलं तर तुम्ही चुकल्या असं होईन, तुमचा तास बंद होईन." मागून दोघं-तिघं म्हणाले, आम्हाला पण तसंच वाटलं. एकानं पुढच्याचं ऐकलं, त्यानं त्याच्या पुढच्याचं. डोळे बांधलेली ती सगळी पोरं एकमेकांना न विचारता बाईंना वाचवायला निघाली होती.

"माझं नाक मेलं, ते मले चालते," मॅडम म्हणाल्या. आवाज खाली आला होता आणि त्यामुळं जास्त लागत होता. "तुमचं नाक माझ्यापायी खोटं बोललं, ते नाही चालत. लहानपनी माझ्या वर्गातल्या साऱ्या पोट्ट्यांले माझा वास येत होता. साऱ्यांले. एकालेही कधी दुसरा वास आला नाही. काऊन? गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, वास येते म्हनून. तसेच तुम्ही. ते वैरानं बोलले आन तुम्ही मायेनं, पन नाक तं दोघांचंही मेलेलंच." मग त्या उपप्राचार्यांना म्हणाल्या, "आता तुमचं उत्तर, साहेब. या तासाले कधी दोन नाकं एक नाही बोलली. आज सारे एका सुरात बोलले, तिथंच मले कळलं की हुंगून कोनीच नाही राहिलं. तुम्ही खोटी बाटली भरली, पोट्ट्यांनी खोटा वास भरला, आन पकडलं कोनं? नाक नसलेल्या बाईनं. याच तासानं."

उपप्राचार्यांनी पान इकडचं तिकडं केलं. उत्तराऐवजी त्यांना नियम सुचला. पुढच्या सोमवारी नवं वेळापत्रक लागलं, त्यात गुरुवारच्या रकान्यात परीक्षेचा सराव होता. मला राग आला. मी प्राचार्यांकडे जाऊया म्हणालो. मॅडमनी वेळापत्रक चष्मा लावून नीट वाचलं आणि म्हणाल्या, "सुट्टी झाल्यावर सायकल स्टँड रिकामं राहते ना?"

आणि गुरुवारचा तास सायकल स्टँडवर भरू लागला. टिनाच्या पत्र्याखाली, स्टँडच्या लोखंडी पट्ट्यांवर पोरं बसत. सक्ती नाही, गुण नाहीत, हजेरी नाही. पहिल्या दिवशी तेच सारे आले, ज्यांनी पाण्याला चाफा म्हटलं होतं, आणि मॅडमनी त्यांना पहिली बाटली दिली ती नळाच्या पाण्याची. "काही नाही येत," असं प्रत्येकानं म्हणेपर्यंत पुढची बाटली निघाली नाही. पुढं कलाशाखेची पोरं आली, वाणिज्यची आली, एकदा तर टपालवाला सायकल टेकवून बसला. उपप्राचार्यांना घरी जायला तोच रस्ता. एकदा डोळे बांधलेला एक मुलगा मध्येच ओरडला, "मॅडम, अत्तर आलं." सगळे हसले, आणि उपप्राचार्य थांबले. म्हणाले, "किस चीज़ का?" मुलगा म्हणाला, "पहिले चाफा, मंग भिजलेलं लाकूड, मंग बिडीचं पान." उपप्राचार्य घराकडे चालू लागले. वेळापत्रक त्यांनी बदललं नाही, पण स्टँडला कुलूप लावायची वेळ तासाभरानं पुढं सरकली. ती कोणी सरकवली, हे शिपायानं मला कधीच सांगितलं नाही.

मॅडम निवृत्त होईपर्यंत ते तसंच चाललं. निरोप समारंभात लोक फार हळवं बोलले, नाक गेलं तरी जिद्द सोडली नाही वगैरे. मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जिद्द-बिद्द काही नाही. मले दुसरं काही येत नव्हतं." आणि खाली बसल्या. गहिवरायला आलेल्या लोकांची फार पंचाईत झाली.

पुढं त्या कामठ्याला राहायला गेल्या, नवऱ्यानं तिथं थोडी जमीन घेऊन ठेवली होती. मी मधूनमधून जात असे. शेवटचा गेलो तो एका वैशाखात, सकाळी. धानाची शेतं मोकळी पडली होती आणि बांधावर मॅडमनी लावलेल्या सीताफळीला फुलं आली होती. त्या फार वाळल्या होत्या. हातात काठी होती, आणि डॉक्टरनं चालायचं सांगितलं म्हणून चालून राहिली, असं त्या म्हणाल्या. पण ते चालणं नव्हतं. प्रत्येक झुडपाशी त्या थांबत, काठी बांधाला टेकवत, कमरेत वाकून एखादं फूल दोन बोटांत धरत आणि नाकाशी नेऊन लांब श्वास घेत. मग पुढं. मी दोन-तीन झुडपं बघितलं आणि मला राहवलं नाही.

"मॅडम, परत आलं का काही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"काहीच नाही."

"मग रोज हे कशाला?"

त्या वाकलेल्याच होत्या. फूल त्यांनी सोडलं नाही. "भुंगेरा नाही आला तर फूल त्या दिवशी वास बंद ठेवते काय, बिसेन सर? कोनाले येते, कोनाले नाही येत, हे पाहून सोडते काय? ते त्याचं काम करून राहिलं. मी माझं करून राहिली."

आणि काठी उचलून त्या पुढच्या झुडपाकडे गेल्या.